नांगरणाऱ्याची काय चूक?

दर दोन-चार महिन्यांनी ते चित्र माझ्यापर्यंत येऊन पोचतंच. कुठे रस्त्यावर अपघात झाला आणि लोक मोबाइलवर चित्रण करत उभे राहिले, की ते येतं. कुठे पूर आला आणि त्याच दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला वाजतगाजत वरात निघाली, की ते येतं. पाठवणारा बहुतेक वेळा इंग्रजी साहित्य शिकलेला असतो (आमच्या घरात असे तिघे आहेत आणि तिघंही हे वाचणार आहेत, नमस्कार!). चित्राखाली एक उसासा असतो. माणसं किती कोरडी झालीत, कुणाला कुणाचं पडलेलं नाही, साडेचारशे वर्षांपूर्वी ब्रूगेलनं हेच सांगून ठेवलंय, वगैरे वगैरे.

मला हा उसासा आता सहन होत नाही. त्या चित्रातल्या एका गरीब माणसावर आपण सगळे मिळून गेली ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं खटला चालवतोय आणि त्याच्या बाजूनं बोलायला कुणी उभं राहत नाही, म्हणून आज मी उभी राहतेय.

ज्यांना चित्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रसेल्सच्या रॉयल म्युझियममध्ये पीटर ब्रूगेलच्या नावावर असलेलं एक तैलचित्र आहे, 'इकारसच्या पतनासह निसर्गदृश्य'. फार मोठं नाही, ७३.५ सेंटिमीटर उंच आणि ११२ रुंद. इकारसची ग्रीक गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असते. क्रीटच्या राजानं डिडॅलस नावाच्या कारागिराला बेटावर अडकवून ठेवलेलं, त्यानं पिसं आणि मेण जोडून स्वतःला आणि मुलाला पंख केले, मुलगा उडताना सूर्याच्या फार जवळ गेला, मेण वितळलं, मुलगा समुद्रात पडून मेला. आता चित्र. अगदी समोर, उंच कड्यावर, लाल बाह्यांचा एक शेतकरी घोड्याला जुंपलेला नांगर धरून चाललाय. त्याच्या खालच्या अंगाला मेंढपाळ, काठीवर रेलून आभाळाकडे बघत उभा. उजवीकडे खाली काठावर पाठमोरा एक जण गळ टाकून बसलेला. पाण्यात शिडं फुगलेलं देखणं गलबत. आणि इकारस? गलबत आणि काठ यांच्यामध्ये पाण्याबाहेर दोन पाय. बस्स. दोन उघडे, झाडलेले पाय आणि हवेत तरंगणारी चार पिसं.

हे चित्र गाजलं ते एका कवितेमुळे. डब्ल्यू. एच. ऑडन १९३८ च्या डिसेंबरात ब्रसेल्सला होता, तिथे त्यानं 'म्युझे दे बोझार' लिहिली. दुसरं महायुद्ध दारात होतं. दुःख घडत असतं तेव्हा शेजारी रोजचं जगणं चालूच असतं, हे त्यानं फार सुंदर सांगितलं. पुढे विल्यम कार्लोस विल्यम्सनंही या चित्रावर कविता केली, ती असलेल्या संग्रहाला १९६३ साली पुलित्झर मिळालं. या दोघांनी मिळून चित्राला एक अर्थ चिकटवला, तो आता त्याच्या चौकटीपेक्षाही घट्ट बसलाय. जग बेपर्वा आहे. आणि त्या बेपर्वाईचा चेहरा म्हणजे तो समोरचा नांगऱ्या.

कवितेवर माझा राग नाही, हे आधीच सांगते, नाहीतर आमचे तिघे तुटून पडतील. ऑडननं त्याला गुन्हेगार म्हटलेलंच नाही. त्याच्या दृष्टीनं ही काही मोठी घटना नव्हती, एवढंच तो म्हणतो. गुन्हेगार आपण केलं. कविता पाठ करणाऱ्यांनी, चित्र पुढे पाठवणाऱ्यांनी, व्याख्यानात पडद्यावर दाखवून 'बघा, हा माणूस मान वर करूनही बघत नाही' असं म्हणणाऱ्यांनी.

तर मग त्या माणसाकडे नीट बघू या.

तो नांगरतोय. जमीन उताराची आहे, कड्याच्या तोंडाशी. तास सरळ नाहीत, उताराला धरून वळत गेलेत, एकाशेजारी एक. घोडा पुढे आहे आणि माणसाचा एक पाय तासात उतरतोय. ज्यानं कधी नांगराचं रुमणं हातात धरलंय त्याला विचारा, अशा जागी नजर कुठे असते. फाळापाशी. नजर हलली की तास हलतो. इथे तर तास हलला तर घोडा, नांगर आणि माणूस तिन्ही कड्यावरून इकारसच्या सोबतीला. तो खाली बघतोय कारण ते काम खाली बघूनच करायचं असतं. याला कोरडेपणा म्हणायचं? मग ऑपरेशन करणारा डॉक्टर खिडकीबाहेर बघत नाही तोही कोरडाच.

शिवाय मुलगा पडला तो कुठे? कड्याच्या खाली, दूर, नांगऱ्या ज्या बाजूला बघतोय त्याच्या भलत्याच बाजूला. पाण्यात धप्पकन आवाज झाला असेल. एवढ्या उंचीवर, वाऱ्यात, घोड्याच्या टापा आणि नांगराची करकर चालू असताना तो ऐकू यायला हवा होता असं आपलं म्हणणं आहे.

आता एक गंमत सांगते. २००७ साली ब्रसेल्सला गेले होते तेव्हा या चित्रासमोरच्या बाकावर मी बराच वेळ बसून होते. चित्राकडे कमी आणि बघणाऱ्यांकडे जास्त बघत होते. येणारा प्रत्येक जण आधी नांगऱ्याकडे बघे, मग गलबताकडे, मग शेजारची पाटी वाची, मग पुन्हा चित्राकडे येऊन शोधाशोध सुरू. काही जण सोबत्याला विचारत, कुठाय? आणि सापडलं की बोट दाखवून हसत. हसत! एक बाई तर मेंढ्यांमध्ये शोधत होत्या. म्हणजे पाटीवर नाव छापलेलं, चित्र स्थिर, आवाज नाही, वारा नाही, घोडा सांभाळायचा नाही, तरी आपल्याला तो मुलगा सापडायला मिनिटभर लागतं. आणि ज्याला कुणी पाटी दिली नव्हती त्यानं मात्र क्षणात बघायला हवं होतं, नाही का?

बरं, खटलाच चालवायचा तर पहिला आरोपी कोण? मुलाच्या सगळ्यांत जवळ कोण आहे? गळ टाकून बसलेला. त्याची नजर पाण्यावरच आहे आणि पाय त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. त्याहून महत्त्वाचं ते गलबत. डोलकाठीच्या दोरांवर माणसं चढलेली दिसतात. उंचावर बसलेली, दोर हाताशी असलेली माणसं. बुडणाऱ्याला काढायची सोय त्या अख्ख्या चित्रात फक्त त्या गलबतावर आहे. ऑडन बिचारा गलबताचाही उल्लेख करतो. पण चर्चेत गलबत मागे पडतं. का? कारण ते सुंदर आहे. फुगलेली शिडं, दूरदेशीचा व्यापार, त्या काळच्या अँटवर्पची श्रीमंती. ते कुठेतरी महत्त्वाच्या कामाला चाललंय हे आपण लगेच समजून घेतो. नांगऱ्याचं काम तेवढं महत्त्वाचं आपल्याला वाटत नाही, त्यानं ते सोडून बघायला हवं होतं. जहाजाला वेळ नसतो, हे पटतं. शेतकऱ्याला वेळ नाही म्हटलं की तो निर्दय!

माझं खरं भांडण इथे सुरू होतं.

ही गोष्ट ब्रूगेलच्या काळी लोक वाचत ती मुख्यतः ओव्हिड या रोमन कवीच्या 'मेटामॉर्फसिस'मध्ये, आठव्या भागात. हे तिघे, म्हणजे गळवाला, मेंढपाळ आणि नांगऱ्या, ब्रूगेलनं मनातून काढलेले नाहीत. ते ओव्हिडमध्येच आहेत. फक्त तिथे ते उलटं करतात. उडणारे बापलेक त्यांना दिसतात आणि ते थक्क होऊन बघत राहतात, त्यांना वाटतं हे देवच असणार. बघा बरं, ओव्हिडला कष्टकरी माणसं कशाला हवीत? आ वासायला. वर चाललेल्या थोरांचा चमत्कार खालून बघायला. ब्रूगेलनं त्यातल्या दोघांची ही नेमणूकच रद्द केली. नांगऱ्या नांगरतोय, गळवाला गळाकडे बघतोय. तिसरा, मेंढपाळ, अजून वर बघतोय, पण तिथे आता काही नाही. त्याच्या मेंढ्या मात्र पार काठाशी पोचल्यात.

नुसतं चित्र बघितलं तर हे बेपर्वाईचं वाटतं. ओव्हिड शेजारी ठेवून बघितलं तर ते सुटकेचं वाटतं, निदान मला तरी. कुणीतरी या माणसांना प्रेक्षकाच्या रांगेतून उठवलं आणि चित्राच्या मध्यावर आणून त्यांच्या कामासकट बसवलं. ज्याची गोष्ट आहे त्याला दोन पायांएवढी जागा आणि ज्याला ओव्हिडनं दोन शब्दांत उरकलं त्याला चित्रातला सगळ्यांत मोठा देह, सगळ्यांत भडक लाल रंग.

(इथे कुणी म्हणेल, ब्रूगेलनं कसलं, हे चित्र त्याचं आहे का हाच प्रश्न आहे. बरोबर. १९१२ साली संग्रहालयानं ते विकत घेतलं, त्याआधीचा त्याचा धड माग लागत नाही. त्याची बाकीची तैलचित्रं लाकडी फळ्यांवर आहेत, कापडावर त्यानं रंगवलं ते तेलात नाही, आणि हे नेमकं कापडावरचं तैलचित्र. १९९० च्या दशकात तांत्रिक तपासण्या झाल्या तेव्हापासून बरेच जाणकार म्हणतात की ही ब्रूगेलच्या हरवलेल्या चित्राची जुनी नक्कल असावी. कल्पना त्याची, हात दुसऱ्याचा. माझ्या मुद्द्याला त्यानं बाधा येत नाही, म्हणून सोयीसाठी ब्रूगेलच म्हणते.)

आणि या चित्राची अगदी उलट बाजूची एक बाळबोध व्याख्याही आहे, तीही नको. ती अशी की इकारस म्हणजे अहंकार, नांगऱ्या म्हणजे सद्गुण. उंच उडू बघणारा पडतो, आपल्या जागी राहून घाम गाळणारा सुखी राहतो. त्या काळच्या नीतिबोधाच्या पुस्तकांत इकारसचा असा उपयोग होई, हे खरं. पण 'पायरीनं राहावं' हे आपल्याकडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय त्यांना ही व्याख्या कुणाच्या सोयीची हे समजावून सांगायला नको. नांगऱ्याला मी निर्दोष म्हणते ते तो आपल्या जागी राहिला म्हणून नाही. आणि इकारसनं उडायला नको होतं असंही माझं म्हणणं नाही. पोरगं होतं. पंख मिळाल्यावर कोण खालून उडेल?

मग दोष कुणाचा? चित्रात याचं उत्तर आहे आणि ते फार थोडे लोक बघतात. गळवाल्याजवळ, अगदी उजवीकडे खाली, एका फांदीवर एक पक्षी बसलाय. तित्तिर आहे तो.

हा पक्षीही ओव्हिडमधूनच आलाय. इकारसची गोष्ट संपते तिथे लगेच ओव्हिड त्याची गोष्ट सांगतो. डिडॅलसच्या बहिणीनं आपला मुलगा त्याच्याकडे शिकायला पाठवला होता. बारा वर्षांचा. पोरगा भलताच हुशार. माशाच्या काट्याकडे बघून त्यानं करवत बनवली. दोन लोखंडी काड्या एका टोकाला जोडून वर्तुळ काढायचा कंपास बनवला. मामाला हे बघवेना. त्यानं भाच्याला अथीनाच्या गडावरून खाली ढकललं आणि सांगितलं की पाय घसरून पडला. देवीनं पडता पडता त्या मुलाचा पक्षी केला म्हणून तो वाचला. तोच हा तित्तिर. तो फार उंच उडत नाही, घरटंही जमिनीलगत करतो, कारण त्याला ते पडणं आठवतं. आणि डिडॅलस आपल्या मुलाला पुरत असतो तेव्हा हा पक्षी ते बघून पंख फडफडवून आनंदानं ओरडतो.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. म्हणजे इकारसचं पडणं हे पहिलं पडणं नव्हे. त्याच घरातलं ते दुसरं. आणि 'कुणी बघितलंच नाही' हेही खोटं. एक साक्षीदार फांदीवर बसलाय, आणि तो त्याच माणसाच्या हातून पडलेला आहे. ब्रूगेलला तो काढायची काही गरज नव्हती. फांदी रिकामी ठेवली असती तरी चित्र पूर्ण झालं असतं. त्यानं आठवणीनं काढला.

आता सांगा, या मुलाला कोण जबाबदार होतं? ज्यानं पंख केले. ज्यानं मेणाचे केले. ज्यानं राजासाठी तो चक्रव्यूह बांधला आणि त्याच राजाच्या बेटावर अडकला. जो मुलाला 'माझ्या मागून ये' म्हणून पुढे उडत गेला. तो ब्रसेल्सच्या चित्रात आहे कुठे? नाही. चौकटीतच नाही! डिडॅलस चित्राबाहेर आहे आणि आपण चौकशी करतोय नांगऱ्याची, का रे बाबा तू मान वर केली नाहीस?

चौकटीबाहेरचा माणूस सुटतो आणि समोर कामात असलेला सापडतो, ही मुंबईकरांना काही नवलाची गोष्ट नाही. ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, दोनशेच्या आसपास माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पुन्हा लोकलला लटकले. त्यावर दोन प्रकारचं लिखाण आलं. एक 'मुंबई स्पिरिट'वालं, किती जिगरबाज. दुसरं उसासेवालं, किती बधिर. दोन्ही लिहिणाऱ्यांची नजर एकाच ठिकाणी, डब्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसावर. तो कामावर का गेला? अहो, खाडा झाला की पगार कापतात म्हणून गेला. त्याच संध्याकाळी रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसं घरातल्या चादरी घेऊन धावली होती आणि जखमींना त्यांत घालून नेत होती, तीच माणसं दुसऱ्या दिवशी कामाला गेली. त्यांना जिगरबाजही म्हणू नका आणि बधिरही. आणि ते स्फोट ज्यांनी घडवले त्यांचं काय? २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयानं दोषी ठरवलेल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, तो पुढचा भाग. पण एकोणीस वर्षांनी परिस्थिती अशी होती. चौकटीत आपण, बाकी सगळे बाहेर.

असो. चित्राकडे परत.

नांगऱ्याच्या विरोधात एक पुरावा नेहमी दिला जातो, त्याला उत्तर दिल्याशिवाय मी खाली बसणार नाही. चित्रात डावीकडे, घोड्याच्या पलीकडच्या झुडपांत, बारकाईनं पाहिलं तर एक फिकट डाग दिसतो. म्हाताऱ्या माणसाचं डोकं आहे ते. मेलेला माणूस. जाणकार सांगतात की हा एका जुन्या म्हणीचा संदर्भ आहे, माणूस मेला म्हणून नांगर थांबत नाही. ब्रूगेलला म्हणींचं वेड होतं हे खरंच आहे, १५५९ साली त्यानं एकाच चित्रात शंभराच्या आसपास म्हणी भरल्या होत्या. तर या म्हणीवरून निष्कर्ष असा काढतात की बघा, एक नाही दोन मरणं, तरी हा गडी नांगरतोच आहे.

नांगर थांबत नाही. बरोबर. पण म्हण कशासाठी असते? ही म्हण शेतकऱ्याला नावं ठेवायला शहरातल्या माणसानं केली असेल, की शेतकऱ्यानंच स्वतःची समजूत घालायला केली असेल? आमच्या आजोळची एक गोष्ट सांगते. मामेभावंडांना पाठ आहे, बाकीच्यांसाठी.

माझे आजोबा, आईचे वडील, १९८४ च्या जूनमध्ये गेले. खटाव तालुक्यातलं कोरडवाहू गाव. मी दहा वर्षांची होते. दोन दिवस आधी पाऊस पडून गेला होता आणि रानाला वापसा आला होता. ज्यांना वापसा माहीत नाही त्यांच्यासाठी, जमीन धड ओली चिखलही नाही आणि कोरडी ढेकळंही नाही अशी पेरणीजोगी होते ती वेळ. ती आपल्या सवडीनं थांबत नाही. तिकडे पाऊस मुळात बेताचा, एक वापसा गेला की पुढचा कधी ते कुणी सांगू शकत नाही. पेरणी चुकली तर वर्ष गेलं. आणि घरात सुतक.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईची पुण्याची चुलतबहीण, आमची मावशी, एसटीतून उतरून रडत रडत घराकडे आली. रस्ता आमच्या रानाच्या कडेनं. तिनं काय बघितलं? सहा-सात औतं चाललेली. बैलांना हाकारे, पाभरीमागे चाड्यावर मूठ धरलेल्या बाया, कुणी कुणाला लांबून ओरडून काहीतरी सांगतंय, बांधावर भाकरीची पाटी. घरातून रडण्याचा आवाज तिथवर ऐकू येत असणार. मावशी दारात आली, आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "काकू, अहो गावाला काही माया आहे की नाही? काका जाऊन तीन दिवस नाही झाले, आणि यांची औतं सुरूच!"

आजी रडत होती. डोळे पुसून म्हणाली, "अगं बाये, आपलंच रान पेरत्यात ती."

इर्जिक म्हणतात त्याला. सुतकात घरच्यांनी औत धरायचं नसतं म्हणून भावकीतली आणि शेजारची माणसं स्वतःची पेरणी अर्धी टाकून आमच्या रानात आली होती. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. त्यातला एकही जण त्या तीन दिवसांत आमच्या ओट्यावर येऊन रडला नाही, एवढं मात्र मला आठवतं. संध्याकाळी येत, किती तास राहिलं ते सांगत, पाणी पीत आणि जात. बाजरी चांगली आली त्या वर्षी.

रस्त्यावरून मावशीला दिसलं ते खोटं नव्हतं. मरण झालं होतं आणि औतं थांबली नव्हती. जर तिथे एखादा चित्रकार असता आणि त्यानं ते दृश्य काढलं असतं, पुढे औतं, मागे लांब घर आणि दारात पांढरे कपडे, तर आज आमची तिघं साहित्यवाली ते चित्रही पाठवून उसासली असती. बघा, माणसं किती कोरडी.

म्हणून मी म्हणते, नांगरणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या पाठीवरून ओळखू नये. ब्रूगेलच्या झुडपातला तो म्हातारा कोण आहे? नांगऱ्याला माहीत आहे का तो तिथे आहे म्हणून? का त्याचाच कुणी आहे? ते रान कुणाचं? चित्र यातलं काहीही सांगत नाही. चित्र फक्त एवढंच सांगतं की एक माणूस नांगरतोय, आणि तो काळजीपूर्वक नांगरतोय. बाकी सगळं आपण आपल्या घरून आणलेलं आहे.

ब्रूगेल स्वतः शेतकरी नव्हता. 'शेतकरी ब्रूगेल' हे त्याला पडलेलं नाव. तो अँटवर्पमधला कारागीर, इटली फिरून आलेला, १५६३ पासून ब्रसेल्सला स्थायिक, १५६९ साली तिथेच वारला. त्याचं चरित्र लिहिणारा फान मांडर सांगतो की तो एका व्यापारी मित्राबरोबर शेतकऱ्याचा वेष करून खेड्यातल्या लग्नांना जाई, आहेर घेऊन, नातेवाईक असल्यासारखा, आणि माणसं कशी नाचतात, खातात, भांडतात ते बघत बसे. फान मांडरनं हे १६०४ साली लिहिलं, म्हणजे ऐकीव. पण खरं असेल तर मला त्यात एक गोष्ट आवडते. तो रस्त्यावरून बघून परत गेला नाही, आहेर घेऊन मांडवात गेला. असा माणूस नांगऱ्याला बेपर्वाईचा पुतळा म्हणून रंगवेल हे माझ्या गळी उतरत नाही. त्यानं त्याचे तास बघा कसे रंगवलेत. एकेक तास वेगळा, मातीची एकेक कड वळलेली. एवढा वेळ त्यानं इकारसच्या पायांना दिलेला नाही.

आमच्या साहित्यवाल्यांपैकी एकानं (सर्वांत धाकटा, नाव घेत नाही) मागे फोनवर मला विचारलं होतं, "ताई, मग तुझ्या मते चित्रात बेपर्वा कुणीच नाही?" आहे ना. सूर्य आहे. तो क्षितिजाला टेकलाय, अर्धा बुडालाय. मेण वितळायला डोक्यावर हवा होता, हा तर घरी निघालाय. दुपारी मेण वितळलं आणि मुलगा संध्याकाळी पाण्यात पोचला, असा हिशोब. याचा खुलासा अजून कुणाला धड जमलेला नाही, नक्कल करणाऱ्याचा घोळ असेलही.

ब्रसेल्सला कुणी जाणार असाल तर एक करा. रॉयल म्युझियम झालं की शहराच्या दक्षिणेला उक्कलमध्ये व्हान ब्यूरेन यांचं घर आहे, आता ते संग्रहालय आहे. तिथे याच चित्राची दुसरी प्रत आहे, आकारानं लहान, फळीवर रंगवलेली. सगळं जवळपास तेच, नांगऱ्या, गळवाला, गलबत, पाय. फरक आभाळात आहे. तिथे डिडॅलस काढलाय, पंख पसरून उडणारा, धडधाकट. मेंढपाळ बघतोय तो त्याच्याकडेच. दोन्ही चित्रं एका दिवसात बघून होतात. आणि फांदीवरचा पक्षी शोधायला विसरू नका, उजवीकडे खाली.